मंगलगार आणि इतर गडगडाट

इंडोनेशियन भाषेत मोठ्या आवाजाला ‘करास’ म्हणतात, आणि हेच विशेषण सागवानी फळीला, अंगमेहनतीला, मद्याला व हट्टी माणसालाही लागते. ‘करास’चा मूळ अर्थ टणक, कठीण. ‘मिनुमान करास’ म्हणजे शब्दशः कठीण पेय, अर्थात दारू, ‘करास कपाला’ म्हणजे टणक डोक्याचा, अर्थात हेकट, आणि त्यातला ‘कपाला’ हा संस्कृतातून समुद्रापार गेलेला ‘कपाल’च असल्यामुळे मराठी वाचकाला त्याची फोड करून देण्याचे कारण पडत नाही, ‘ककरासान’ हे भाववाचक नाम मात्र टणकपणापाशी न थांबता थेट हिंसाचारापर्यंत पोचते. आवाज, दारू, हट्ट आणि मारामारी या चौघांना ज्या भाषेने एकाच आडनावाखाली नांदवले आहे, तिने मोठ्या आवाजाला कोणत्या पंगतीत बसवले आहे हे वेगळे सांगायला नको. ध्वनिक्षेपकाचे अधिकृत नाव ‘पंगरास सुआरा’, म्हणजे आवाज टणक करणारे यंत्र, असे आहे. परंतु बोलताना त्याला सर्रास ‘तोआ’ म्हणतात, जे १९३४ साली कोबे येथे सुरू झालेल्या एका जपानी कंपनीचे नाव असून, शेजारच्या गल्लीपर्यंत ऐकू जाईल अशा बेताने खासगी गोष्टी सांगणाऱ्या माणसाच्या घशालाही ते आता लावले जाते.

येथे लिप्यंतराविषयी एक खुलासा आवश्यक आहे. इंडोनेशियन भाषा रोमन लिपीत लिहिली जाते आणि तिच्यातला एक अस्फुट स्वर मराठीतल्या ‘अ’च्या इतका जवळचा आहे की ही भाषा देवनागरीत उतरवणे फारसे कष्टाचे नाही, कष्ट होतात ते अर्थाचे. तोफ, वीज किंवा संतापलेला सासरा यांच्या गर्जनेसाठी जे क्रियापद योजतात ते देवनागरीत बरहुकूम ‘मंगलगार’ असे उतरते, आणि कानठळ्या बसवणाऱ्या या शब्दात मराठी कानाला मांगल्य आणि गारवा एकाच वेळी लाभतात, याला भाषाशास्त्राकडे उपाय नाही.

मोठ्या आवाजाचे वर्णन करताना इंडोनेशियन माणूस आवाज किती मोठा होता हे सहसा सांगत नाही. तो कोणाचा होता, कशासाठी होता आणि त्यामुळे कोणाची झोप मोडली, हे सांगतो. आवाजाचे मोजमाप हे भौतिकशास्त्राचे काम असून वर्णन हे न्यायदानाचे काम आहे, अशी या शब्दसंग्रहाची ठाम समजूत दिसते, आणि प्रत्येक शब्द म्हणजे एकेक निकालपत्र आहे.

पहिला भेद ध्वनी आणि स्वर यांच्यातला. वस्तूच्या, यंत्राच्या किंवा वाद्याच्या नादाला ‘बुन्यी’ म्हणतात, तर कंठातून निघालेल्या आवाजाला ‘सुआरा’, जो संस्कृत ‘स्वर’ आहे. ही वाटणी ढोबळ असून मोटारीलाही प्रसंगी ‘सुआरा’ बहाल केला जातो, मात्र ‘सुआरा’चा राजकीय अर्थ फक्त माणसाकडे आहे, कारण निवडणुकीतल्या मतालाही ‘सुआरा’च म्हणतात. मतपत्रिका म्हणजे ‘सुरात सुआरा’, आणि या संज्ञेत मराठी कानाला जी संगीतमय सूचना ऐकू येते तिचा मूळ अर्थाशी काही संबंध नाही, कारण ‘सुरात’ म्हणजे केवळ पत्र. मतदानापूर्वीचे तीन दिवस कायद्याने ‘मासा तनांग’, म्हणजे शांततेचा काळ, म्हणून पाळावे लागतात, ज्यात प्रचाराला पूर्ण बंदी असते. त्यानंतर नागरिक मतपत्रिकेला खिळ्याने भोक पाडून आपला आवाज उठवतो. जगातल्या अत्यंत गजबजलेल्या लोकशाह्यांपैकी एकीत सर्वांत महत्त्वाचा स्वर हा कागदात खिळा घुसल्याचा असतो, आणि पराभूत उमेदवार आपले ‘सुआरा’ हरवल्याची तक्रार ज्या सुआराने करतात त्यात मात्र काहीही हरवलेले नसते.

कंठस्वराचे निकाल पुढीलप्रमाणे लागतात. ‘लांतांग’ म्हणजे मोठा, स्पष्ट आणि निर्भीड. शपथ घेणारा सैनिक, घोषणा देणारा विद्यार्थी आणि विरोधी बाकावरचा पुढारी यांचा आवाज लांतांग असतो, व तोच पुढारी मंत्री झाल्यावर हे विशेषण बिनबोभाट परत घेतले जाते. ‘न्यारिंग’ म्हणजे खणखणीत, लांबवर जाणारा. शाळेत मोठ्याने वाचण्याच्या अभ्यासाला ‘न्यारिंग’ वाचन म्हणतात, त्यामुळे हा शब्द सद्वर्तनी वाटतो, परंतु ‘तोंग कोसोंग न्यारिंग बुन्यिन्या’, म्हणजे रिकाम्या पिंपाचा आवाज मोठा, या म्हणीने त्याच्या अब्रूला कायमचा डाग लावला आहे. याच अर्थाची दुसरी म्हण, ‘आइर बरिआक तांदा ताक दालाम’, म्हणजे तरंगणारे पाणी खोल नसल्याची खूण, ही मराठीतल्या उथळ पाण्याच्या म्हणीची इतकी सख्खी बहीण आहे की दोन्ही समाजांना वाचाळ माणसांचा पुरवठा सारख्याच प्रमाणात झाला असावा, असे मानण्यास जागा आहे. ‘मलेंकिंग’ म्हणजे टोकदार, वर चढत जाणारा किंचाळता आवाज. ‘चेंप्रेंग’ म्हणजे पत्र्याचा डबा बडवल्यासारखा चिरका, आणि हा शब्द उच्चारतानाच उच्चारणाऱ्याचा स्वर थोडा चेंप्रेंग होतो, ही त्याची खुबी. उलट ‘सराक-सराक बासाह’, शब्दशः घोगरा-घोगरा ओला, ही प्रशंसा असून ती ज्या गायिकेला मिळते तिची मैफल भरते. कोरडा घोगरेपणा डॉक्टरकडे जातो आणि ओला घोगरेपणा रंगमंचावर.

उपद्रवाच्या शब्दांत इंडोनेशियन भाषा विशेष समृद्ध आहे. ‘बिसिंग’ हा कारखान्याचा, विमानतळाचा आणि पर्यावरण-अहवालाचा शब्द. त्यापासून झालेला ‘कबिसिंगान’ म्हणजे ध्वनिप्रदूषण, आणि तो उच्चारणाऱ्याच्या हातात बहुधा एखादे यंत्र असते. ‘बरिसिक’ हा घरातला, वर्गातला आणि वसतिगृहातला शब्द. एखादा माणूस शेजारच्या खोलीतल्या गप्पांनी हैराण झाला की तो भिंतीवर मूठ आपटून ‘बरिसिक!’ असे ओरडतो, आणि त्या क्षणी इमारतीतला सर्वांत मोठा आवाज त्याचा स्वतःचा असतो. या विसंगतीकडे कोणी लक्ष वेधल्यास तो अधिक मोठ्याने तेच पुन्हा सांगतो. गंमत अशी की यातला मूळ धातू ‘रिसिक’ हा पानांच्या सळसळीचा वाचक आहे, आणि मलय भाषेत ‘मरिसिक’ म्हणजे मुलाकडच्यांनी मुलीच्या घरी जाऊन, कोणाला सुगावा न लागता, स्थळाची हळूच चौकशी करणे. म्हणजे एकाच धातूने सामुद्रधुनीच्या एका काठावर कुजबुज करावी आणि दुसऱ्या काठावर त्याबद्दल आरडाओरडा व्हावा. ‘रिबुत’ या शब्दाची गत याहून बिकट आहे: इंडोनेशियात त्याचा अर्थ गलका किंवा भांडण, तर मलेशियात वादळ, त्यामुळे मलेशियाच्या हवामान खात्याने विजांच्या वादळाचा इशारा दिला की इंडोनेशियन प्रवाशाला सरकारने विजांच्या भांडणाची पूर्वसूचना दिल्यासारखे वाटते.

या सर्वांहून वेगळा, आणि बाहेरच्या माणसाला सर्वांत उशिरा कळणारा शब्द म्हणजे ‘रामाइ’, ज्याचे जावानीज रूप ‘रामे’ बोलण्यात अधिक चालते. रामे म्हणजे गर्दी, गजबज, गोंगाट आणि आनंद हे चारही एकदम, आणि त्यांतले काय कशामुळे झाले याचा हिशेब कोणी मागत नाही. बाजार रामे असतो, लग्न रामे असते, आणि ज्या खाणावळीत भांडी आदळत नाहीत, मुले रडत नाहीत व कोणी कोणाला हाक मारत नाही तिच्या अन्नाविषयी शंका घेतली जाते. रामेच्या विरुद्ध ‘सपि’, म्हणजे सामसूम, ज्यात शांततेपेक्षा एकटेपणाची छटा गडद आहे. दुकान सपि असणे ही शांतता नव्हे, ती दिवाळखोरीची पहिली पायरी. सज्जनाचे लक्षण सांगणारे जावानीज वचन ‘रामे इंग गावे, सपि इंग पामरिह’, म्हणजे कामात गजबज आणि स्वार्थात सामसूम, असे आहे, व सरकारी कचेऱ्यांनी ते भिंतीवर लावताना दोन्ही पदांची अदलाबदल केलेली नाही याबद्दल त्यांचे कौतुकच केले पाहिजे.

ओरडण्याचीही अशीच वर्गवारी आहे. ‘तरिआक’ ही साधी आरोळी. ‘जरित’ ही वेदनेची किंवा भीतीची किंकाळी. ‘सोराक’ ही प्रेक्षकांची आनंदाची. ‘बंताक’ म्हणजे वरच्याने खालच्यावर खेकसणे, आणि खालच्याने वरच्यावर केलेल्या बंताकसाठी वेगळी नोकरी शोधावी लागते. ‘पकिक’ ही मूळची किंकाळीच, परंतु १९४५ नंतर ‘मर्देका!’ या स्वातंत्र्यघोषासाठी तीच वापरली गेल्यामुळे तिला राष्ट्रीय प्रतिष्ठा आहे, आणि ‘मर्देका’ हा शब्द संस्कृत ‘महर्द्धिक’ याचा वंशज असल्याचे कळल्यावर मराठी वाचकाला या क्रांतीत आपलाही अल्पसा वाटा असल्याचे समाधान मिळू शकते. चोरानेच ‘चोर, चोर’ असे ओरडणे याला ‘मालिंग तरिआक मालिंग’ म्हणतात, ज्याला मराठीत चोराच्या उलट्या बोंबा हा तयार जोड आहे.

हे निकाल सर्व बेटांवर सारखे लागत नाहीत. मध्य जावातल्या दरबारी परंपरेत माणसाचे वर्तन ‘हालुस’, म्हणजे तलम, किंवा ‘कासार’, म्हणजे खरखरीत, असे तोलले जाते, आणि योग्याकार्ता व सुराकार्ता या राजधान्यांत वाढलेला सभ्य गृहस्थ जितका रागावेल तितका हळू बोलतो, इतका की त्याच्या परमसंतापाच्या वेळी समोरच्याला कान पुढे करावे लागतात. उत्तर सुमात्रातल्या बातक लोकांविषयीचा समज नेमका उलटा आहे: ते प्रेमाने विचारपूस करीत असले तरी दोन घरे सोडून राहणारा जावानीज शेजारी मध्यस्थीला निघतो. इंडोनेशियन लोक हा समज परस्परांविषयी हसत सांगतात, बातक स्वतः तो अधिक मोठ्याने सांगतात, आणि देशाला नामांकित वकील व गायक पुरवण्यात त्यांचा वाटा मोठा असल्यामुळे या फुप्फुसांची गुंतवणूक वाया गेलेली नाही हेही मान्य करावे लागते.

तलम जावाचा तलमपणाही सरसकट मानण्याचे कारण नाही. गामेलान या काशाच्या वाद्यवृंदात हळू वाजवायच्या शैलीला ‘लिरिहान’ आणि मोठ्याने वाजवायच्या शैलीला ‘सोरान’ म्हणतात, आणि पैगंबरजयंतीच्या सुमारास भरणाऱ्या ‘सकातेन’ या उत्सवात राजवाड्यातले थोरले गामेलान मोठ्या मशिदीच्या आवारात आणून वाजवतात तेव्हा कुजबुजणाऱ्या शहराला एकदम कंठ फुटतो. या वाद्यसंचांना ‘क्याइ’, म्हणजे पूज्य वडीलधारे, अशी पदवी असून त्यांतल्या एकाचे नाव ‘क्याइ गुंतुर मादु’ आहे. गुंतुर म्हणजे मेघगर्जना आणि मादु म्हणजे मध. मिरचीसाठी प्रसिद्ध असलेल्या आंध्रातल्या गावाशी या नावाचा संबंध नाही. मधाळ गडगडाट ही कल्पना ज्यांना विसंगत वाटते त्यांनी आधी रागावलेल्या जावानीज गृहस्थाचे बोलणे ऐकावे.

येथपर्यंत विशेषणे झाली. परंतु या भाषेचा खरा खजिना नादानुकरणाचा आहे. इंडोनेशियन भाषेच्या अधिकृत बृहत्कोशात, ज्याची पहिली आवृत्ती १९८८ साली निघाली, असंख्य शब्दांची व्याख्या ‘तिरुआन बुन्यी’, म्हणजे ध्वनीची नक्कल, या गंभीर सूत्राने सुरू होते, आणि विद्वानांच्या समितीने एकत्र बसून बंदुकीला ‘दोर’ अधिक शोभते की ‘दार’, याचा ऊहापोह केला असेल ही कल्पना कोशशास्त्राविषयीचा आदर वाढवणारी आहे. या नकलांत स्वरांची एक शिडी दिसते. ‘दंतिंग’ म्हणजे नाण्याची किंवा पियानोची बारीक किणकिण, ‘दंतांग’ म्हणजे घंटेचा टोल, आणि ‘दंतुम’ म्हणजे तोफेचा धडाका. व्यंजने जवळजवळ तीच राहतात, स्वर ‘इ’कडून ‘उ’कडे सरकला की वस्तूचे वजन वाढते. दार ‘दरित’ करते, मोडणारी फांदी ‘दराक’ करते, लाट ‘दबुर’ करते. पुढे ‘गुरुह’, म्हणजे मेघगर्जना, याच्या पोटात ‘अम’ हे अक्षर घुसवले की ‘गमुरुह’, म्हणजे लांबत राहणारा घोगरा गडगडाट, तयार होतो. शब्दाच्या आधी किंवा नंतर प्रत्यय लावणे कोणालाही जमते. शब्द मधून कापून त्यात ढग भरणे हे मलय कुळाचे वैशिष्ट्य, जरी आता ही शस्त्रक्रिया नव्या शब्दांवर क्वचितच केली जाते.

नक्कल करण्याची ही सवय इतकी मुरलेली आहे की वस्तूंची नावेही आवाजानेच पडतात. सेकंदाला ‘दतिक’ म्हणतात, जो घड्याळाचा टिकटिकाट आहे. अफवा म्हणजे ‘दसास-दसुस’, ज्यात दोन माणसांनी तोंडावर हात धरून केलेले कुजबुजणे जसेच्या तसे जतन झाले आहे. दुकानात मिळणारी पातळ प्लास्टिकची पिशवी ‘क्रेसेक’, कारण ती हाताळताना तसे बोलते. रात्री गाडीवर कढई ठोकत फिरणाऱ्याच्या शेवया ‘मि तेक-तेक’, छोटी घंटा वाजवत येणाऱ्याचे आइस्क्रीम ‘एस तुंग-तुंग’, आणि भिंतीवरचा थोराड पालीचा भाऊबंद ‘तोकेक’, जो रात्रभर आपली ओळख करून देतो. अशा देशात गिऱ्हाइकाला जाहिरातफलक वाचावा लागत नाही. कान उघडे ठेवले तरी जेवण होते. देशातल्या सर्वांत लोकप्रिय संगीतप्रकाराचे नावही असेच पडले. मलय वाद्यवृंदात मुंबईच्या हिंदी चित्रपटांची गाणी आणि पाश्चात्त्य रॉक मिसळून १९७०च्या दशकात जे संगीत फोफावले, त्यातल्या तबल्यासारख्या तालवाद्याच्या ‘दांग’ आणि ‘दुत’ या दोन बोलांवरून त्याला प्रतिष्ठितांनी कुचेष्टेने ‘दांगदुत’ म्हटले. रोमा इरामा या गायकाने ती कुचेष्टा राजमुकुटासारखी डोक्यावर घेतली आणि ‘दांगदुतचा राजा’ ही पदवी मिळवली, तर कुचेष्टा करणाऱ्यांची मुले लग्नात त्याच तालावर नाचली.

महाराष्ट्राने या गोंगाटात घातलेली प्रत्यक्ष भर मात्र चित्रपटाची नाही, ती रिक्षाची आहे. पुण्याच्या बजाज कंपनीच्या तीनचाकी रिक्षा १९७०च्या दशकात जकार्तात उतरल्या आणि तेव्हापासून तेथे रिक्षा या वाहनालाच ‘बाजाय’ म्हणतात, मग ती दुसऱ्या कंपनीची का असेना. नारिंगी रंगाच्या त्या जुन्या दुस्ट्रोकी बाजायच्या फटफटाटात चालक आणि प्रवासी यांच्यातला संवाद भाडे ठरवण्यापुरता, तोही गाडी सुरू होण्यापूर्वी, शक्य होता. बाजाय केव्हा वळेल हे फक्त देव आणि चालक यांनाच माहीत, हा जकार्तातला जुना विनोद आहे, आणि प्रवाशाने विचारले असते तरी उत्तर ऐकू आले नसते, हे त्यामागचे तांत्रिक कारण होय. पुढे वायूवर चालणाऱ्या निळ्या बाजाय आल्या, ज्या पुष्कळच शांत आहेत, आणि त्यामुळे वळण्यापूर्वीचा इशारा देणारा शेवटचा आवाजही गेला.

निसर्गाने या भाषेला जे शिकवले त्याला तोड नाही, कारण ज्ञात इतिहासातल्या सर्वांत मोठ्या आवाजांपैकी दोन याच द्वीपसमूहात झाले. सुंबावा बेटावरचा तांबोरा ज्वालामुखी ५ एप्रिल १८१५ रोजी प्रथम गरजला तेव्हा जावावर इंग्रजांचा अंमल होता, आणि तेथील लेफ्टनंट गव्हर्नर रॅफल्स यांनी नोंदवल्याप्रमाणे तो आवाज तोफांचा समजून योग्याकार्ताहून शेजारच्या ठाण्यावर हल्ला झाला असेल या समजुतीने सैन्याची तुकडी निघाली, तर किनाऱ्यावरून संकटातले जहाज शोधायला होड्या गेल्या. २७ ऑगस्ट १८८३ रोजी क्राकातोआ फुटला तेव्हा सुमारे ४,८०० किलोमीटर दूर, हिंदी महासागरातल्या रॉड्रिग्ज बेटावरच्या पोलीसप्रमुखानेही दूरवर तोफा डागल्या जात असल्याचेच टिपून ठेवले. पृथ्वी फुटत असताना युरोपीय अधिकाऱ्याला तोफेशिवाय दुसरी उपमा सुचू नये, यात त्याच्या कल्पनाशक्तीपेक्षा त्याच्या नोकरीचा दोष अधिक असावा. आजच्या इंडोनेशियात सुमारे १२७ जागृत ज्वालामुखी आहेत आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणारे बांडुंगचे सरकारी केंद्र आपल्या अहवालांत ‘गमुरुह, क्षीण ते मध्यम’ किंवा ‘दंतुम, तीव्र’ अशा नोंदी करते. कानाने केलेली ही वर्गवारी भूकंपमापकाच्या आलेखाशेजारी मानाने बसते. ११ एप्रिल २०२०च्या पहाटे जकार्ता परिसरात अनेकांना गूढ दंतुम ऐकू आले, त्याच रात्री अनाक क्राकातोआ, म्हणजे क्राकातोआचे पोर, उद्रेक करीत होते, तरीही या केंद्राने तो आवाज ज्वालामुखीचा नव्हे असे जाहीर केले. टाळेबंदीत घरी बसलेल्या नागरिकांनी मग उरलेली रात्र तो कोणाचा होता हे ठरवण्यात घालवली, कारण मालकावाचूनचा आवाज ही गोष्ट या भाषेच्या व्याकरणाला सहन होत नाही.

मेघगर्जनेला मालक मिळवून देण्याचे काम मात्र राष्ट्राध्यक्षांच्या घराने केले. ‘व्यासपीठाचा सिंह’ म्हणून ओळखले जाणारे सुकार्नो यांनी थोरल्या मुलाचे नाव गुंतुर आणि एका मुलाचे नाव गुरुह ठेवले, म्हणजे घरात दोन गडगडाट झाले. त्यांच्या दरम्यान जन्मलेल्या कन्येचे नाव मेघावती, जी २००१ ते २००४ या काळात राष्ट्राध्यक्ष होती. दोन्ही गर्जना राहिल्या बाजूला आणि सत्ता ढगाकडे गेली. वर आकाशात गुरुह ऐकून रांजणातले पाणी ओतून देणाऱ्या उतावळ्यावर इंडोनेशियात एक जुनी म्हण आहे, तिची आठवण राजकीय भाष्यकारांना होणे स्वाभाविक होते.

बालीची रीत निराळी आहे. तेथील हिंदू शक पंचांगानुसार नववर्ष पाळतात, जे महाराष्ट्रातल्या गुढीपाडव्याच्या दिवशी किंवा त्याच्या आगेमागे येते. २२ मार्च २०२३ रोजी दोन्हीकडे शक १९४५ एकाच दिवशी लागले. त्या दिवशी ठाणे आणि गिरगावात ढोल-ताशांच्या शोभायात्रा निघाल्या आणि बालीत ‘न्यपि’, म्हणजे सपि पाळण्याचा दिवस, असल्यामुळे विमानतळासकट सर्व बेट चोवीस तास बंद होते, २०१८पासून तर मोबाइलचे इंटरनेटही बंद ठेवतात. यावरून बालीच्या लोकांना गोंगाट वर्ज्य आहे असे अनुमान काढू नये, कारण आदल्या संध्याकाळी ते भुताखेतांना पळवून लावण्यासाठी लाकडी ठोकळे, भांडी आणि हाताला लागेल ते बडवून वर्षभराचा वाटा एकाच रात्रीत संपवतात. शालिवाहनाने शकांचे पारिपत्य केले असो वा नसो, त्याच्या नावाचे वर्ष ढोलाने सुरू करावे की मौनाने, याबाबत दोन्ही बाजूंकडे शास्त्राधार आहे.

डेसिबल नावाचे एकक या सर्वात उशिरा आले आणि अजून रुळलेले नाही. २०१२च्या सरकारी नियमाने मोटारीच्या भोंग्याचा आवाज किमान ८३ आणि कमाल ११८ डेसिबल असावा असे ठरवले, ज्याचा अर्थ पुरेसा मोठा न वाजणारा भोंगाही बेकायदा आहे. चार वर्षांनी, डिसेंबर २०१६मध्ये, जावातल्या रस्त्यांच्या कडेला उभे राहून ‘ओम तेलोलेत ओम’ असे फलक धरणाऱ्या मुलांची चित्रे जगभर पसरली. हा मंत्र नव्हे. ‘ओम’ म्हणजे डच भाषेतून आलेला काका, ‘तेलोलेत’ म्हणजे लांब पल्ल्याच्या बसचा अनेकसुरी भोंगा, आणि संपूर्ण प्रार्थनेचा अर्थ, काका, वाजवा ना काका. देवाने नसली तरी चालकांनी ही प्रार्थना तत्काळ ऐकली. वाहतूक मंत्रालयाने २०२४मध्ये या भोंग्यांवर बंदीची भाषा केली तेव्हा दिलेले कारण कानांचे नव्हतेच: भोंग्याला लागणारी दाबाची हवा ब्रेकच्या साठ्यातून जाते, म्हणजे काका जितके प्रेमळ तितकी बस थांबण्याची शक्यता कमी. त्याआधी, २०२२मध्ये, धर्मव्यवहार मंत्रालयाने मशिदींच्या ध्वनिक्षेपकांसाठी १०० डेसिबलची मर्यादा घातली, पण त्याच परिपत्रकात आवाज चांगला असावा, ‘सुंबांग’, म्हणजे बेसूर, नसावा आणि उच्चार शुद्ध असावेत, अशीही अट घातली. बेसूरपणा मोजण्याचे यंत्र मंत्रालयाकडे नाही, मात्र प्रत्येक शेजाऱ्याकडे आहे, हे लक्षात घेता परिपत्रकाचा हाच भाग अधिक व्यवहार्य म्हटला पाहिजे.

खरी कसोटी पूर्व जावात लागली. तेथे ट्रकवर घराच्या उंचीचे कर्णे रचून गावातून मिरवण्याच्या प्रकाराला ‘साउंड होरेग’ म्हणतात. ‘होरेग’ हा जावानीज शब्द हादरण्याचा वाचक आहे, आणि हादरतात त्या खिडक्यांच्या काचा, कौले व पाहुण्यांचे पोट. पश्चिम महाराष्ट्रातला ‘डॉल्बी’ ज्यांनी अनुभवला आहे त्यांना वेगळ्या स्पष्टीकरणाची गरज नाही. जुलै २०२५मध्ये पूर्व जावाच्या उलेमा परिषदेने मर्यादा ओलांडणारा होरेग निषिद्ध ठरवला, आणि ऑगस्टमध्ये प्रांताच्या गव्हर्नरने पोलीस व लष्करासह काढलेल्या परिपत्रकाने एका जागी उभ्या असलेल्या यंत्रणेला १२० आणि फिरत्या यंत्रणेला ८५ डेसिबलची मर्यादा घालून दिली. दरम्यान मालांग परिसरातल्या यंत्रणा-मालकांच्या संघटनेने प्रश्नाच्या मुळाशी हात घातला आणि आपल्या व्यवसायाचे नाव यापुढे होरेग नसून ‘साउंड कार्नावाल इंडोनेशिया’ असल्याचे घोषित केले. नव्या नावाची खरे तर निकड नव्हती, कारण खेडोपाडी या जत्रांना पूर्वीपासून ‘चेक साउंड’, म्हणजे कार्यक्रमापूर्वीची आवाजाची चाचणी, असे साधे नाव आहे. पहाटेपर्यंत चालणाऱ्या या चाचणीनंतर जो मुख्य कार्यक्रम व्हायचा, तो अद्याप कोणी पाहिलेला नाही.